भूगोलवाल्यांची सहल

भूगोल शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे सभागृह, प्रोजेक्टर आणि उपमा. सकाळी पडद्यावर खडकांचा अपक्षय सुरू होतो, जेवणानंतर श्रोत्यांचा. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’. बहुतेक शाळांत तो वर्गाचं दार लावून शिकवला जातो. बाहेरच्या गोंगाटाचा त्रास नको!

यंदा मात्र आम्ही काही भूगोलवाल्यांनी वर्गणी काढून बस ठरवली. पाऊस सरता सरता वाई ते हरिहरेश्वर. खिडकीच्या जागेवरून जी भांडणं झाली, ती नववी ‘ब’नं पाहिली असती तर आमच्या पालकांना बोलावून घेतलं असतं.

पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या टेबललँडवर पोचलो, तर सगळे उकिडवे बसून दगड कुरवाळायला लागले. ‘हा जांभाच ना?’ यावर चर्चासत्र रंगलं. शेवटी घोडेवाला वैतागून म्हणाला, ‘‘जांभाच हाय, सर. आता घोड्यावर बसताय का?’’

वाईत छत्र्या मिटलेल्या होत्या. महाबळेश्वरात त्या उलट्या झाल्या. इथं वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईत १,००० सुद्धा नाही. पर्जन्यछाया शिकवता शिकवता केस पिकलेले आमचे ज्येष्ठ सर बसमधून उतरून सरळ पावसात उभे राहिले. ‘‘सर, भिजताय!’’ ‘‘भिजू द्या हो. आयुष्यभर हा पाऊस कोरड्यानं शिकवला.’’

पाऊस थांबल्यावर दोन बाईंनी जलविभाजकाचं प्रात्यक्षिक केलं. एकीनं बाटलीतलं पाणी पूर्वेला ओतलं आणि १,४०० किलोमीटरच्या प्रवासाला, बंगालच्या उपसागराकडे, निरोप दिला. दुसरीनं पश्चिमेला ओतलं. सावित्रीवाटे ते शंभरेक किलोमीटरांतच अरबी समुद्रात. ‘‘माझं आधी पोचणार,’’ असं त्या पोलादपूर येईपर्यंत ऐकवत होत्या.

हरिहरेश्वरच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी दीडला ‘तरंगघर्षित मंच : निरीक्षण’ असं छापलं होतं. दीडला तिथं मंच नव्हताच, नुसता समुद्र. त्याला परिपत्रक पोचलं नसावं. शहाळेवाल्यानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘आज द्वितीया ना? तिथीची पाऊणपट करा. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीडला पुरती भरती. संध्याकाळी या.’’ पदव्युत्तर पदव्या घेतलेल्या मंडळींनी मुकाट्यानं वह्या काढल्या. सहलीतलं सर्वांत मोलाचं व्याख्यान तेच, तेही शहाळ्याच्या किमतीत.

संध्याकाळी पाणी उतरलं आणि लाटांनी झिजवलेला तो सपाट खडक उघडा पडला. मग मात्र त्यावरून कुणाला हलवता येईना. ‘‘चला, बस सुटतेय,’’ असं ड्रायव्हर ओरडला की ‘‘पाचच मिनिटं, काका!’’

शिक्षण खात्याला एवढीच विनंती : पुढच्या प्रशिक्षणाला प्रोजेक्टर नको, बस द्या. आणि तारीख ठरवताना तेवढी तिथी बघा.