दोन मात्रांचं गाव

शाळेत मी मामाच्या गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "म्हणजे ओल्या नारळाची असते ती का रे?" इचलकरंजी हा फराळाच्या ताटातला जिन्नस नसून कोल्हापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या वेशीला जवळजवळ खेटून बसलेलं गाव आहे, हे पटवण्यात माझ्या बालपणाचा बराचसा वेळ गेला. पोस्टकार्डावर पत्ता लिहितानाही ओशाळायला व्हायचं. एवढं ऐसपैस नाव लिहून झालं की खाली लिहायचं, 'तालुका हातकणंगले'. पोरगा उंचीनं घराच्या आढ्याला टेकावा आणि दाखल्यावर मात्र पालक म्हणून ठेंगण्या काकाची सही असावी, तसला हा प्रकार. पुढं २०११ च्या जनगणनेत इचलकरंजीनं पावणेतीन लाखांचा आकडा ओलांडला, २०२२ साली ती राज्यातली २८ वी महापालिका झाली, तरी आगगाडी धरायची तर आजही हातकणंगल्यालाच जावं लागतं. लोकसभेच्या मतदारसंघाला इचलकरंजीचं नाव होतं, तेवढाच एक तोरा. २००८ च्या पुनर्रचनेत तेही काकानं आपल्या नावावर करून घेतलं.

लहानपणी हे गाव मला आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. एसटीतून उतरलं की गल्लीगल्लीतून खट्-खट्, खट्-खट् सुरू. यंत्रमागातला धोटा डावीकडून फेकला जातो तो एक खट्, उजवीकडून परततो तो दुसरा; मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्या. मामाच्या घरात पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याच्या शेडात चार माग. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. दुसऱ्या रात्री झोप आवाजाच्या कडेकडेनं यायची, आणि तिसऱ्या रात्री तो आवाजच पाठीवर थोपटायचा. खरी गंमत लाईट जाई तेव्हा. सगळे माग एकदम थांबत आणि सबंध गल्ली दचकून जागी होई. पाळण्यातली पोरं रडायला लागत, कुत्री उठून आळस देत, आणि बायामाणसं अंधारात कट्ट्यावर येऊन एकमेकांना विचारत, "तुमचीबी गेली काय?" गोंगाटात गाढ झोपणारी आणि शांततेनं जागी होणारी माणसं मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत.

या गावाचा जुना कागद काढला तर पहिल्याच ओळीत एक बदललेलं आडनाव सापडतं. नारो महादेव जोशी हा कोकणातला मुलगा सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी आला आणि धन्यावरच्या निष्ठेपोटी जोशीपण सोडून घोरपडे झाला. त्याच्या मुलाला पेशवे बाळाजी विश्वनाथांची लेक अनुबाई दिली. जहागीर रुजली ती अशी. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिथले जहागीरदार होते नारायणराव बाबासाहेब घोरपडे. त्यांच्या उत्तेजनानं विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानिकांचे शौक बहुधा शिकारी-हत्तींचे. यांना मागाचं कौतुक वाटलं, हे गावाचं नशीब.

पण मी त्या सालाशी घुटमळतो ते वेगळ्याच कारणानं. याच जहागिरीचे दरबारी गायक होते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. बुवा १९२६ साली गेले. म्हणजे पहिला माग खडखडला तेव्हा या गावाची गायकी अजून हयात होती. मला राहून राहून वाटतं, एखाद्या पहाटे तंबोरे जुळवताना वाऱ्यावरून तो खट्-खट् बुवांच्या कानी गेला असेल का? आणि गेला असेल तर त्यांनी काय केलं असेल? मागाला सम नाही, काल नाही. दोनच मात्रा, त्यातली टाळी कुठली आणि खाली कुठली हे ब्रह्मदेवानंही सांगू नये. कपाळाला आठी घालून त्यांनी खिडकी ओढून घेतली असेल. किंवा, गवयी माणूस, दोन आवर्तनं मांडीवर ताल धरूनही पाहिला असेल. गाव मात्र हळूहळू त्या नव्या गवयाच्या गंड्यात गेलं.

मग एकाचे दहा, दहाचे हजारो झाले. सूतगिरणी आली, सायझिंग आली. कांडीवाल्या, घडीवाले, वहिफणीवाले, जॉबर, हिशेबाच्या चोपडीत डोकं घातलेले दिवाणजी आले. मारवाडी व्यापारी आले, कर्नाटकातून विणकर आले, पुढं बिहार-ओडिशातून पोरं आली, आणि चहाच्या गाड्यावर चार भाषांत एकच तक्रार ऐकू यायला लागली: सूत महागलं, कापडाला भाव नाही. १९७४ साली पन्नासावं साहित्य संमेलनही इथं भरलं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष. पंचगंगेच्या काठचं गाव वाढता वाढता एवढं वाढलं की काठची नदी पिण्याजोगी राहिली नाही, आणि हातात कळशी घेतल्यासारखं ते कृष्णा, वारणा, दूधगंगा अशा एकेका नदीचं दार ठोठावत हिंडू लागलं. वारणेच्या आणि दूधगंगेच्या काठच्यांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. सोनं विकून दागिन्यांची पेटी घ्यावी तसं काहीसं झालं खरं.

मामाचे चार माग गेल्याला आता बरीच वर्षं झाली. बिनधोट्याचे नवे माग आले, जुन्यांना किलोवर भाव मिळाला. काट्यावर शेवटचा माग चढवताना मामानं त्यातला धोटा तेवढा काढून घेतला. तो आता शोकेसमध्ये, नातवाच्या दोन ट्रॉफ्यांच्या मधे असतो. दोन्ही टोकांना लोखंडी चोच, पोटात कांडीसाठी पोकळी, बाजूला सूत ओवायचं बारीक भोक. तोंडानं ओढून सूत बाहेर काढायची मामाची सवय होती. लाकूड हाताच्या घामानं पिकल्या चिंचोक्यासारखं झालंय. पाहुण्यांची मुलं त्याला होडी म्हणतात. उभ्या आयुष्यात दोन हातांपलीकडं कधी न गेलेली होडी.

गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. शेडात आता मोटार उभी असते. जेवणं झाली आणि मामा आरामखुर्चीत लवंडला. वर पंखा कुरकुरत होता. मामाचा डोळा लागला, पण उजव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या दांड्यावर चाललेली, एक-दोन, एक-दोन. मी मोजत बसलो. तेवढ्यात लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, बोटं थांबली, आणि मामा ताडकन उठून बसला.

"कुठला धागा तुटला रं?"

"पंख्याचा," मामी आतून म्हणाली. "झोपा तुम्ही."