स्वखर्चाने सिरोंचा

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असं आम्हाला चंद्रपूरच्या शाळेत शिकवलं. त्यातला वीतभरही आमच्या वाट्याला आलेला नाही, हे मात्र शिकवावं लागलं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा ज्याचं त्याला कळतं. मुंबई-पुण्याची मित्रमंडळी दर हिवाळ्यात श्रीवर्धन ते वेंगुर्ला अशी एकेकटी भटकतात आणि फोटो पाठवतात: एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधोमध मोटारसायकल आणि खाली ‘स्वतःच्या शोधात’. मला स्वतःचा शोध वगैरे घ्यायचा नव्हता. मी कुठे असतो ते बाबूपेठेत कुणालाही विचारलं तरी सांगतील. पण पाण्याच्या कडेकडेने जाणारा लांबलचक रस्ता हवा होता, आणि नकाशा पाहिला तर तो घराजवळच निघाला.

चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा. तीनशे किलोमीटरच्या आसपास. एकदा वैनगंगा ओलांडली की उजव्या हाताला नदी राहते. आधी वैनगंगा, मग प्राणहिता, शेवटी गोदावरी. कधी ती दिसते, कधी जंगलापलीकडे असेल असा विश्वास ठेवावा लागतो. कोकणातही नारळाच्या बागांआडून समुद्र असाच दिसतो, पण त्याचे फोटो कुणी पाठवत नाही.

अडचण एकच. गडचिरोलीला कुणी आपणहून जात नाही. तिथे माणसाला पाठवतात. राज्यातल्या कुठल्याही साहेबाला धमकी द्यायची झाली की एक वाक्य पुरतं: ‘गडचिरोलीला टाकीन.’

मूलच्या पानठेल्यावर पहिली चौकशी झाली. ठेलेवाला खर्रा घोटत होता.

“कोठं निंगाले सर?”

“सिरोंच्याला.”

हात थांबला. खर्रा घोटणाऱ्याचा हात मध्येच थांबणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही.

“बदली झाली का जी?”

“नाही हो. सहज. फिरायला.”

“एकटेच?”

“एकटाच.”

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आवाज उतरवला आणि मायेने विचारलं, “काऊन, काय केलं होतं?”

व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो. हा पूल भूगोलापेक्षा अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली. म्हणजे नदीचा एक काठ कायद्याने कोरडा आणि दुसरा ओला. संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी थांबलो तर वैनगंगा शांतपणे दक्षिणेकडे वाहत होती, पण वाहतूक सगळी पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे जाणारे झपझप जात होते. पूर्वेकडे परतणाऱ्यांना घाई नव्हती, आणि त्यांपैकी एक जण थांबून मला म्हणाला की नदी फार सुंदर आहे. कोकणात सूर्यास्ताला अशी दाद द्यायला पर्यटन महामंडळ लागतं.

मार्कंड्याला नदी उत्तरवाहिनी होते. सगळा जिल्हा दक्षिणेकडे उतरत असताना ही एवढ्यापुरती मागे वळून पाहते आणि त्या जोरावर गावाला विदर्भाची काशी म्हणवून घेता येतं. हे गमतीने लिहितोय, पण मंदिरसमूहासमोर गंमत सुचत नाही. काठावर उभी असलेली ती कोरीव शिल्पं खजुराहोच्या तोडीची आहेत असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते तुलना कशाला हवी? महाशिवरात्रीला इथे जत्रा असते, एरवी नदी आणि माकडं. मी एका भिंतीपाशी जरा जास्त वेळ रेंगाळलो, तर झाडाखालचे एक आजोबा उठून जवळ आले. “पुरातत्त्वाचे का जी?” नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला. “मंग काऊन पाहून राह्यले?”

आष्टीपासून लोहखनिजाचे ट्रक सोबतीला आले. त्यांच्या धुळीने माझा शर्ट, गाडी आणि दृष्टिकोन एकाच रंगाचे झाले. म्हणून चपराळ्याच्या अभयारण्याकडे वळलो. तिथे वर्धा येऊन वैनगंगेला मिळते, दोघीही आपापली नावं सोडतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहतात. एवढं पाणी, एवढी वाळू, आणि प्रेक्षक मी एकटा. शहाळंवाला नाही, घोडागाडी नाही, वाळूवर कुणी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. जाळं आवरत असलेल्या एका ढिवराने डोंग्यातूनच हाक मारली, “सर्व्हे आहे का?”

आलापल्लीचं सागवान प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते इकडूनच गेलं. इथलं ‘वनवैभव’ २०१४ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं, त्यामुळे तिथल्या झाडांना तरी बदलीची भीती नाही. जिल्ह्याचा नियमच असा दिसतो की इथे येतो तो शिक्षा म्हणून आणि जातो तो मान म्हणून.

या नियमाला अपवाद कमलापूरचे हत्ती. रेपनपल्लीवरून आत वळलं की राज्यातला हा शासकीय हत्तीकॅम्प. हे हत्ती पूर्वी लाकडं ओढायचे. आता त्यांना दर हिवाळ्यात दहा दिवसांची वैद्यकीय रजा मिळते, पगारी म्हणायला हरकत नाही. त्या काळात वनौषधी उकळून त्यांचे पाय शेकतात आणि त्याला चोपिंग म्हणतात. २०२२ मध्ये यांतल्या काहींना गुजरातेत जामनगरला पाठवायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला, हत्ती राहिले. बदली रद्द करून घेतलेले जिल्ह्यातले हे पहिलेच कर्मचारी असावेत. मी एका हत्तिणीकडे आदराने पाहत उभा राहिलो. माझ्या रजेचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर होता.

मग सिरोंच्याचा रस्ता. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो की इथे पत्ता खड्ड्यांवरून सांगतात. “ते मोठं डबरं गेलं का, त्याच्या पुढं दोन जुळे डबरे येते, तेथून डाव्या हाताला.” जुळ्यांपाशी मी गाडी उभी करून वाकून पाहिलं, ही तीच खूण आहे ना म्हणून. पाच मिनिटांत सात-आठ माणसं गोळा झाली. रस्त्याचा साहेब शेवटी आला, अशी खात्री त्यांच्या चेहऱ्यावर होती. एकाने काठी आणून खोली मोजून दाखवली. दुसऱ्याने पावसाळ्यात त्यात काय काय पडलं त्याची यादी सांगितली. शेवटी सर्वांत वयस्कर होते ते हात जोडून म्हणाले, “वर कळवा जी.” मी वर पाहिलं. वर सागवान होतं.

वडधमला लाकडाचे दगड झालेले पाहायला मिळतात, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात १९६०च्या आसपास एका अवाढव्य डायनासोरची हाडं सापडली. त्याला रवींद्रनाथांचं नाव जोडलं, बारापासॉरस टागोरी, आणि सांगाडा उभा केला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. इतकी वर्षं जमिनीत काढल्यावर त्यालाही शेवटी शहरात पोस्टिंग मिळालं.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा मराठी मागे पडत चालली होती. हॉटेलात इडली मागवली. मालकाने विचारलं, “ओक्करेना?” एकटेच का? तेवढं तेलुगू मला वाटेत येऊन गेलं होतं. मान हलवली. त्याने पुढचं विचारलं, “ट्रान्स्फरा?”

थकलो होतो. म्हटलं, “हो.”

त्याने आणखी दोन इडल्या वाढल्या आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

खरं तर सिरोंच्याइतकी समुद्राच्या जवळ पोचलेली गावं विदर्भात थोडीच. १८६० ते १८७४ पर्यंत हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय होतं. कॅप्टन ग्लासफर्ड इथे डेप्युटी कमिशनर होता. जवळच्या ग्लासफोर्डपेठा गावात त्याचं नाव अजून नांदतं. त्याच काळात सर आर्थर कॉटनच्या कल्पनेतून गोदावरी-प्राणहितेतून आगबोटी चालवायचा घाट इंग्रजांनी घातला. वर्ध्याच्या खोऱ्यातला कापूस या वाटेने थेट बंगालच्या उपसागरात न्यायचा होता. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, ते फोडता फोडता पैसा संपला आणि १८७१ मध्ये योजना गुंडाळली. ती पार पडती तर आज चंद्रपूरला धक्का असता, धक्क्यावर भेळ असती आणि मुंबईचे मित्र आमच्याकडे फोटो काढायला आले असते. सरळ रेषेत मोजलं तर सिरोंच्याहून काकीनाडा तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि मुंबई साडेसातशे. आम्ही उगाच चुकीच्या समुद्राकडे तोंड करून बसलोय.

सोमनूरला इंद्रावती येऊन गोदावरीला मिळते. समोर तेलंगण, डावीकडे छत्तीसगड, पायाखाली महाराष्ट्राची वाळू, आणि पाणी इतकं रुंद की पलीकडची माणसं ठिपके वाटतात. नदी सगळ्यांवर सारखीच मेहेरबान नाही, हेही सांगायला हवं. गोदावरीवरच्या मेडीगड्डा धरणाचं पाणी चढलं तेव्हा सिरोंचा तालुक्यातल्या काठावरच्या कितीतरी शेतकऱ्यांची शेतं बुडाली, आणि त्यांना हा किनारा पाहायला कुठे जावं लागलं नाही, तो घरी आला.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात नाले रस्त्यावरूनच वाहतात. आलापल्लीला टाकी भरून घ्या, अंधारात जंगलातून गाडी हाकू नका, मुक्कामाची सोय आधी फोनवर करा. आणि कुणी विचारलं तर बदली झाली म्हणूनच सांगा. फिरायला आलोय म्हटलं तर लोक काळजीत पडतात.