भुशी डॅम, व्हाया अवकाश

आमच्या घरापासून भुशी डॅम रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पण जुलैतल्या शनिवार-रविवारी डॅम मुंबई-पुणेकरांच्या ताब्यात असतो आणि रस्ता त्यांच्या गाड्यांच्या. त्या दोन दिवसांत अस्सल लोणावळेकर घराबाहेर पडत नाही; दूधसुद्धा शुक्रवारीच आणून ठेवतो. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं ते धरण यंदा पायऱ्यांवरून वाहायला लागलं की नाही, हे आम्ही टीव्हीवर बघतो. तेही एचडीत.

हे चित्र घरी येतं कसं, ते मी कागदावर मांडून पाहिलं. डॅमजवळ ओबी व्हॅन उभी असते. तिच्या टपावरच्या डिशमधून भुशी निघतो तो थेट विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापाशी. तिथून खाली स्टुडिओत. स्टुडिओत त्याला लाल पट्टी आणि छाती दडपणारं संगीत चढवलं, की पुन्हा वर. मग खाली डीटीएच कंपनीच्या आवारात, तिसऱ्यांदा वर, आणि शेवटी आमच्या गच्चीवर. तीन हेलपाट्यांचे झाले २,१६,००० किलोमीटर. पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालून वर थोडे उरतातच. गणपतीने आईवडिलांभोवती फिरून काम भागवलं होतं. आमचा भुशी मात्र कार्तिकस्वामींच्या रस्त्याने येतो.

आणि एवढं करून तो येतच नाही. वार्ताहर रेनकोट सावरत म्हणतो, "आपण पाहू शकता, इथे प्रचंड..." आणि त्याच्या नाकाचे चौकोन होतात. मग कानाचे. मग निळा पडदा आणि ‘सिग्नल उपलब्ध नाही’. जो पाऊस दाखवायला तो बिचारा भिजत उभा असतो, तोच पाऊस आमच्या गच्चीवरही कोसळत असतो.

घरगुती डिश केयू बँडवर चालते. त्याच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या, घाटमाथ्यावरचा पाऊस त्या वाटेतच गिळतो. केबलवाल्याची ती अवाढव्य डिश सी बँडची असते. तिच्या लहरी तिप्पट लांब, त्या पावसाला फारशी दाद देत नाहीत. म्हणून पावसात केबलचा सिग्नल जात नाही. झाडाची फांदी पडून केबलच जाते.

त्यातही एचडीची प्रकृती नाजूक. ते आधी मान टाकतं, साधं चॅनल आणखी थोडा वेळ तग धरतं. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही बातम्या कळायच्या. डिजिटलला मधलं काही माहीत नाही. असलं तर निवेदिकेच्या कपाळावरची पावडर मोजता येते, नसलं तर निवेदिकाच नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे दर लागू झाले, तेव्हा १३० रुपये अधिक कर या मूळ आकारात १०० चॅनल मिळायची आणि त्या हिशेबात एक एचडी दोन साध्यांच्या बरोबरीचं धरलं जायचं. म्हणजे पाऊस आला की आमचं कायद्याने दुप्पट नुकसान.

तक्रारीचा फोन लावला, तर पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात विचारते, "सर, तुमच्याकडे सध्या पाऊस पडतोय का?"

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या क्षणी आमच्या पत्र्यावर वाजत असल्याने तिला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

"पाऊस थांबल्यावर प्रयत्न करून बघा, सर."

"म्हणजे ऑक्टोबरात?"

"हो, सर. आणखी काही मदत हवी आहे का?"

डिशवाला पोरगा कामशेतचा. जुलैत तो भातलावणीत गुंतलेला, कारण इंद्रायणी भात वेळेवर लागला पाहिजे, एचडीचं काय घेऊन बसलात! येतो तो नेमका उघडीप पडल्यावर. गच्चीवर जातो, खाली येऊन रिमोटची बटणं दाबतो.

"काका, सिग्नल तर फुल्ल आहे."

"अरे, पाऊस आला की जातो."

"आत्ता कुठंय पाऊस?" थोडा विचार करून, "माकडं बसतात का डिशवर?"

"बसतात की."

"मग काय!" म्हणून तो माझी सही घेतो. कागदावर ‘तक्रार निवारण झाले’ असं आधीच छापलेलं असतं.

आमच्या आईचं निदान मात्र वेगळं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि पुणे जिल्ह्यातल्या गच्च्यांवर अँटेना उगवल्या. आमची अडचण अशी, की लोणावळ्यातून सिंहगडाकडे सरळ रेघ ओढली तर वाटेत तिकोना किल्ला येतो. बाबा अँटेना फिरवून फिरवून थकले. तिकोना हलला नाही. तेव्हापासून टीव्हीला काहीही झालं तरी आई म्हणते, "तिकोना आड येत असेल."

"अगं, आता सिग्नल आकाशातून येतो."

"मग डिशचं तोंड सिंहगडाकडे का?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही असं नाही, पण ते तिला पटणारं नाही. आपल्याकडचे उपग्रहही आग्नेयेलाच सापडतात. डिश तिकोन्याच्या पुष्कळ वरून बघते खरी, पण गच्चीतून पाहिलं तर रोख अगदी जुन्या अँटेनाचाच.

अखेर ऑक्टोबर उजाडतो. पाऊस गेलेला, आकाश धुऊन निघालेलं, सकाळी आईच्या मालिकेचा पुनःप्रक्षेपित भाग एचडीत झळकतोय, नायिकेच्या पैठणीवरचा मोर पीस न् पीस दिसतोय. आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास, भर उन्हात, निळा पडदा! ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं डिशला सूर्याच्या गोंगाटापुढे काही ऐकू येत नाही. मार्चमध्येही तेच. मी फोन लावला.

"सर, हे सूर्यामुळे होतंय."

"मग मी काय करू?"

"सूर्य बाजूला झाल्यावर प्रयत्न करून बघा, सर."

आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "तिला विचार, तिकोना कधी बाजूला होणार म्हणावं."