बहात्तर पिनांची घाई

पुण्यातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी गणपतीच्या सुपाऱ्या घेण्याआधी जुन्या की-बोर्डची मेमरी वाढवून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कॉर्गचा ट्रायटन घ्या. १९९९ साली आलेल्या या वाद्यात सॅम्पलिंगसाठी मुळात १६ एमबी मेमरी. चांगल्या प्रतीचं मोनो रेकॉर्डिंग तिच्यात तीन मिनिटंसुद्धा मावत नाही. परदेशी ड्रम कारखान्यातूनच भरून येतात. हलगी आणि संबळ मात्र आपले आपण भरायचे, आणि तेही तीन मिनिटांच्या आत आटोपायचे! मेमरी ६४ एमबीपर्यंत वाढते, पण ७२ पिनांच्या सिम पट्ट्या लावून. तोवर कॉम्प्युटरवाले १६८ पिनांच्या डिमकडे निघूनही गेले होते. म्हणजे वाद्याचं बारसं आणि पट्टीची निवृत्ती जवळपास एकाच मांडवात. पट्ट्यांचे कारखाने चालत होते कॉम्प्युटरच्या जिवावर. लावणीत ढोलकी कमी पडते म्हणून कोण कशाला ते चालू ठेवील?

‘थांबा, स्वस्त होईल,’ असं म्हणणारे भेटतातच. मंडईत रात्री कोथिंबीर उतरते म्हणून त्यांना वाटतं, सगळंच उतरतं. पट्टी आधी कवडीमोल होते, मग सोनेरी कडांपायी भंगारात वजनावर जाते आणि उरलेल्या चार नगांचा मालक तापकीर गल्लीत एकदम जाणकार होतो. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: ही मेमरी वीज गेली की सगळं विसरते. मांडवात कुणी रोषणाईसाठी आपला प्लग काढला की हलगी गेली. ६४ एमबी पुन्हा भरायला १.४४ एमबीच्या पंचेचाळीस फ्लॉप्या लागतील, तोवर आरती होऊन प्रसादही संपेल. आणि सोनीने तर २०११ सालीच फ्लॉपी विकणं थांबवलं. म्हणून हार्डडिस्क जोडायचं स्कझी कार्डही त्याच खेपेत घ्यावं. तेही मिळेनासं होत चाललंय, हे माझ्याच बाजूचं म्हणणं झालं.

‘मग नवाच घ्या की!’ यामाहाच्या २०१०च्या मोटिफ एक्सएफमध्ये वीज गेली तरी न विसरणारी मेमरी बसते खरी, पण तीही यामाहाच्याच खास कार्डावर. कॉम्प्युटरची कुठलीही पट्टी तिथे चालत नाही, त्यामुळे घाई तिथेही आहेच. पेटीवाले म्हणतील, पेटीला मेमरी लागतच नाही. मान्य. त्यांनी पेटीतून हलगी तेवढी काढून दाखवावी.