वादळाआधी घर कसे सजवावे

जुने घर दुरुस्तीला काढले की नवी मुंबईत पाळायचा पहिला नियम असा : पाहुण्यांना दिसते ते आधी करावे, वादळाला दिसते ते नंतर. वाशी-नेरूळमधली सिडकोची जुनी घरे या प्रयोगाला फार सोयीची. सिडकोची स्थापना 1970 ची, म्हणजे वाशीतल्या पहिल्या इमारतींनी चाळिशी केव्हाच ओलांडली. आणि त्या वयात तब्येतीपेक्षा दिसण्यावर खर्च होणे साहजिकच आहे. हॉलच्या स्लॅबचे पोपडे सुटत असतील, एखादी गंजकी सळई डोकावत असेल, तर खाली पीओपीचे फॉल्स सीलिंग टाकून घ्यावे. सळई झाकली जाते, आणि सुटलेला तुकडा सोफ्यावर न पडता वरच जमा होतो. पुरेसे तुकडे साठले की सगळेच एकदम खाली येईल, पण तोवर दिवाळी निभावलेली असते.

यावर इंजिनिअर मंडळी एक रुक्ष आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे, आरसीसीची इमारत वाऱ्याने सहसा आडवी होत नाही. वादळ आडव्या पावसाला भेगांतून आत ढकलते आणि पुढचे काम गंज करतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, ती मिळाली नाही की काँक्रीट फोडून घेतो. त्यात खाडीची खारी हवा. खिडकीवरच्या छज्ज्याला खालून पाहिले तर सळईच्या रेषेत सरळ धावणारा तपकिरी डाग दिसतो. तिथे हातोडीने हलके टकटक केले की पोकळ आवाज येतो. त्याच छज्ज्याच्या कडेला, खालच्या अंगाला, एक बारीक खाच असते. पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच ठिबकून पडावे, एवढेच तिचे काम. रंगारी ती पुट्टीने भरून कड एकसारखी करून देतो आणि आपण त्याला वर बक्षिसी देतो. आक्षेप बिनतोड आहे हे मान्य. पण खाच मोकळी ठेवल्याबद्दल आजवर कोणाच्या घराचे कौतुक झालेले नाही.

गच्चीकडे वळू. स्लॅब गळतो, म्हणून त्यावर पत्र्याची शेड उभारणे हा आपला सर्वमान्य तोडगा. गळती तशीच राहते, फक्त पावसापासून लपते. शेड बांधताना हुक मोजून आणि सगळीकडे सारख्या अंतरावर मारावेत, दिसायला बरे असते. वारा मात्र असा समदर्शी नाही. छपराच्या कडा आणि कोपरे तो सर्वांत जोराने वर खेचतो, म्हणून हुक तिथेच दाट हवेत. ही माहिती ठेकेदाराला देऊ नये. तो जास्तीच्या हुकांचे पैसे लावेल. शेजारच्या इमारतीवर पत्रा उडून गेला तर तो शेजाऱ्यांचा प्रश्न, अशी या क्षेत्रातली रूढ समजूत आहे.

आता सर्वांत भक्कम युक्तिवाद : ‘निसर्ग आले, तौक्ते आले, आमची इमारत जागची हलली नाही.’ हा पुरावा जरा तपासून घ्यायला हवा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. 17 मे 2021 रोजी तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे निघून गेले; तरी कुलाब्याला वाऱ्याची नोंद ताशी 114 किलोमीटर झाली. भारतीय मानकात मुंबईसाठी धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्या वेगाला तो तौक्तेच्या दिवसापेक्षा जवळजवळ दुप्पट भरेल. थोडक्यात, आपण पास झालो ती घटक चाचणी होती. शिवाय त्या दिवशीची सळई आणि आजची सळई यांच्यामध्ये काही पावसाळे गेले आहेत.

‘पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला?’ हा आक्षेप उरतो. विकासकाशी करार कधी व्हायचा ते गंजाला कळवण्याची सोय नाही, आणि तोवर राहायचे याच स्लॅबखाली आहे. म्हणून फॉल्स सीलिंगची आगाऊ रक्कम देण्याआधी एवढे करा : तीस वर्षे उलटलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा अहवाल सचिवांकडून मागून वाचा. अहवालच नसेल तर येत्या सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा, आणि तोही पार्किंगच्या आधी. पार्किंगनंतर कोणी थांबत नाही.