पेनड्राइव्हनाना

कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी प्यावं, पोरीचं कुठं जमलं का विचारावं आणि मग मुद्द्यावर यावं, ही रीत पेनड्राइव्हनानांना मान्य नाही. ते उंबऱ्यातूनच विचारतात, "रॅम किती?"

नाना ही व्यक्ती नाही, जमात आहे. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशातून आलेल्यांच्या वस्त्या आहेत. तिथले काही जण निवृत्तीनंतर जरा मोकळी हवा म्हणून कामरेजच्या नव्या सोसायट्यांत येतात, आणि त्यांच्यात एखादा नाना निघतोच. आमच्या सोसायटीतले अमळनेरकडचे. सगळी नोकरी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बॉयलरवर झाली. दाब वाढला की तो उतरवायचा, हे तिथलं शास्त्र त्यांनी जसंच्या तसं संगणकाला लावलं. "लॅपटॉप डोकरा नही शे, भो. त्याना डोकावर बोजा शे," हे त्यांचं निदान. रोगी कोणताही असो, निदान हेच.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा तिथे त्यांच्या चार पेनड्राइव्ह लोंबतात. तिघींवर चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या आहेत: पपी, लुबुंटू, मिंट. ही विंडोजऐवजी लॅपटॉपात घालायच्या फुकट लिनक्सची वाणं. चौथीवर काही नाही. ती कधी वापरायची ते वेळ आली की कळेल, असं ते गंभीरपणे सांगतात.

पपीवर त्यांचा विशेष जीव. बॅरी काउलर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं 2003 साली हे लिनक्स काढलं आणि आपल्या कुत्र्याचं नाव त्याला दिलं. हे नाव जिन्यात मोठ्यानं घ्यायचं नाही, अशी मात्र नानांच्या घरच्या काकूंची ताकीद आहे. पपी सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसतं, जुन्या हार्डडिस्कला हातही लावत नाही. त्यामुळे नानांना एक प्रयोग करता येतो. लॅपटॉप चालू झाला की चारचौघांसमोर ते पेनड्राइव्ह उपटून काढतात आणि हात वर करून दाखवतात. लॅपटॉप चालूच. पोरं टाळ्या वाजवतात. मोठी माणसं विचारतात, "बरं, पण यात काय काय होतं?" हा प्रश्न नानांना पोरकट वाटतो.

सगळं फुकट कसं, या शंकेला त्यांच्याकडे पुराव्यासकट उत्तर आहे. कामरेज पूर्वी बडोदा संस्थानात, नवसारी प्रांतात होतं. सयाजीरावांनी 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. "म्हणजे फुकट देणं ही इथली जुनी वहिवाट आहे," असं म्हणून नाना सयाजीरावांवरून थेट लिनस टोरवाल्ड्सवर येतात. 1991 साली फिनलंडमधल्या या विद्यार्थ्यानं आपलं लिनक्स लोकांपुढे ठेवलं, वगैरे. सेवा मोफत आहे. व्याख्यान सक्तीचं आहे.

नानांची खरी दिवाळी 14 ऑक्टोबर 2025 रोजी झाली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज दहाला रामराम ठोकला. अकरा घालावं तर त्याला किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा आणि वर टीपीएम नावाची सुरक्षेची सोय हवी. सोसायटीतले निम्मे लॅपटॉप त्या परीक्षेत नापास. त्याच आठवड्यात धनत्रयोदशी आली. व्यापाऱ्यांनी चोपड्यांशेजारी लॅपटॉप मांडून त्यांना कुंकू लावलं आणि नाना दारोदार सांगत फिरले, "अरे, मढ्याची पूजा करताय!" घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, हे ते सांगत नव्हते. वैद्यानं रोग्याला थोडं घाबरवावं लागतं, असं त्यांचं मत.

त्यांच्याकडे देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात एक आसुस ईईई पीसी आहे. 2007 सालचा, सात इंची पडदा, 512 एमबी रॅम, चार जीबी साठवण. तो कारखान्यातूनच लिनक्स घेऊन आला होता, म्हणून त्याचं सोवळं वेगळं. बॅटरी केव्हाच गेली. वायर काढली की प्राणही जातो. तरी नाना महिन्याकाठी तो चालू करतात, घड्याळ बरोबर लावतात आणि बंद करतात. डेबियननं ऑगस्ट 2025 मधल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा जुन्या 32-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, तेव्हा नानांनी दोन दिवस गोड खाल्लं नाही. काकूंच्या मते ते साखरेमुळे.

नानांचा एकच शत्रू आहे, ब्राउझर. त्यांचं निदान तसं खोटं नाही. हलकं लिनक्स दोन-तीनशे एमबीत उभं राहतं आणि दोन जीबीचा मरगळलेला लॅपटॉप खरोखर चटपटीत होतो. पत्रं एबीवर्डमध्ये लिहा, हिशेब न्यूमेरिकमध्ये मांडा, व्हीएलसीवर सिनेमा बघा, कुठं अडत नाही. पण हल्ली लॅपटॉपवर हे करतो कोण? बँक ब्राउझरमध्ये, शाळा ब्राउझरमध्ये, जीएसटी ब्राउझरमध्ये. चार टॅब उघडले की नानांनी रात्रभर जागून वाचवलेली रॅम पाच मिनिटांत फस्त. यावर नाना म्हणतात, "एका वेळी एकच टॅब उघडा. जेवताना एकच घास घेता ना?" आणि पंखा घरघरायला लागला की स्वतःच सात्त्विक संतापानं झाकण मिटतात.

गेल्या महिन्यात वराछाचे एक साडीवाले काका लॅपटॉप घेऊन आले. कपाळी टिळा, गळ्यात कंठी. नानांनी पपी दाखवलं, पेनड्राइव्ह उपटली, हात वर केला. काकांनी सगळं शांतपणे पाहून विचारलं, "नाना, टॅली हालशे?"

टॅली हा विंडोजवरचा हिशेबाचा प्रोग्राम, आणि लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवायला 'वाइन' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. नाना खुशीत गुजरातीत म्हणाले, "हालशे ने! पण अंदर वाइन नाखवी पडशे."

राज्य दारूबंदीचं, घर नानांचं, कंठी काकांच्या गळ्यात. काकांनी लॅपटॉप उचलला, छातीशी धरला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.

त्या दिवसापासून नाना त्या सॉफ्टवेअरला सरबत म्हणतात. टॅली सरबतातही धड चालत नाही, अर्ध्या व्हाउचरवर अडून बसते. पण तो दोष टॅलीचा, असं नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं आहे, आणि खाली विचारलंय, साडीवाल्या काकांची रॅम किती होती, कुणी बघितली का?