कळव्याचा सायकलपूल

कळवा नाक्यावर पादचारी आणि सायकलवाल्यांसाठी पूल हवा, यावर सर्वांचे एकमत होईल. मतभेद गणितात आहेत. खालून ट्रक जायला 5.5 मीटर मोकळी उंची लागते. चाकाची खुर्चीही चढेल असा, बाराला एक चढ धरला, तर एका बाजूचा रॅम्पच 66 मीटर होतो. गर्डरची जाडी वेगळी. नाक्यावर एवढी सलग जागा फक्त रिक्षांच्या रांगेला मिळते. तेव्हा रॅम्प ‘दुसऱ्या टप्प्यात’, तूर्त जिना. सायकल खांद्यावर घ्या, तब्येतीला बरे.

वाहनमुक्त पूल मिळवायची आपली खरी रीत वेगळीच आहे: वाहनांसाठी पूल बांधायचा आणि तो म्हातारा व्हायची वाट पाहायची. कळवा खाडीवरचा इंग्रजांचा दगडी पूल 1863 चा. जीर्ण झाला म्हणून 2010 साली वाहनांना बंद केला. म्हणजे 147 वर्षे. खाडीवरचा तिसरा पूल 2022 मध्ये सुरू झाला. याच वेगाने तो 2169 साली सायकलवाल्यांच्या ताब्यात येईल. चेनला तेल घालून ठेवा.